बिशपचं भुंकणं

जिथे कायोटी गातात, तिथे माणसाच्या आत्म्याला त्याचं मूळ घर सापडतं.

हे सत्य देवदाराच्या जाड फळीवर कोरून, वर वॉर्निशचे दोन हात मारून, उंचवट्याकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी उभं केलेलं होतं. त्याच फळीच्या तळाशी बारीक अक्षरांत दुसरं सत्य होतं: कचऱ्याचे डबे घट्ट लावा, मांजरं घरात ठेवा.

ऑरिन हायमसला वाचनाची गोडी नव्हती, पण फळी त्याच्या कुंपणाला खेटूनच असल्यामुळे ती रोज वाचली जाई. "आत्म्याचं मला ठाऊक नाही," तो म्हणायचा, "कोकरू मात्र त्यांना बरोबर सापडतं."

कायोटी हे जनावर कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून किडकिडीत. अंगाने दोघांच्या मधलं, अकलेने दोघांच्या पुढचं. आयडाहोच्या या टोकाला ते पहिल्यापासून होतं. उंचवट्यावरची घरं मात्र नवी. पूर्वी तिथे पीटरसनचे बटाटे असत. म्हातारा गेल्यावर त्याच्या पोरांनी जमीन विकली आणि तिच्यावर काचांच्या भिंतींची घरं उगवली, प्रत्येक घराला पश्चिमेकडे तोंड करून दोन आरामखुर्च्या. संध्याकाळी माणसं पेला घेऊन त्या खुर्च्यांत बसत आणि कोल्हेकुईची वाट पाहत. ती सुरू झाली की एकमेकांना हाताने गप्प करत. आणि नेमका तेव्हा खालून, हायमसांच्या कुरणातून, बिशप सुरू होई.

बिशप म्हणजे वासराएवढा पांढरा राखणदार कुत्रा. पिल्लू असल्यापासून मेंढ्यांत वाढलेला. स्वतःला तो बहुधा मेंढीच समजत असावा, फक्त जबाबदार. दिवसा सगळ्यांदेखत डुलक्या काढायच्या आणि रात्रभर सगळ्यांची काळजी वाहायची, हे लक्षण ऑरिनच्या बायकोला, वर्लाला, आपल्या चर्चच्या बिशपचं वाटलं आणि तिने तेच नाव ठेवलं. चर्चचे बिशप आठवडाभर टायरचं दुकान चालवत. नाव कळल्यावर ते हसले होते, पण जरा थांबून.

हा बिशप चावत नसे. उभ्या जन्मात त्याने कायोटीला दात लावला नव्हता. तो भुंकायचा, एवढंच. मी जागा आहे, इकडे येऊ नका, हे अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत सांगत राहायचं, कळपाच्या या कडेवरून त्या कडेवर जात सांगायचं, हेच त्याचं काम. कायोटी ऐकून घेत आणि दुसरीकडे जात. वर्ला आणि ऑरिन त्या भुंकण्यावर झोपत. एखाद्या रात्री तो थांबला तर दोघं दचकून उठून बसत.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मेंढ्या व्यायला लागल्या. ओलं बर्फ पडत होतं आणि पडल्यापडल्या चिखल होत होता. वर्ला गोठ्यात गुडघ्यांवर बसली होती, डावा हात कोपरापर्यंत मेंढीच्या आत, गाल तिच्या दमट लोकरीवर टेकलेला, डोळे मिटलेले. कोकरू आडवं आलं होतं, आणि आतले पाय पुढचे की मागचे हे बोटांनीच ओळखायचं असतं. तेवढ्यात शेरिफच्या कचेरीतला डेल दारात येऊन उभा राहिला.

"सिस्टर हायमस, कामात आहात का?" तो चर्चातल्या सवयीने म्हणाला.

"नाही रे. प्रार्थना करतेय."

"मग नंतर येऊ?"

"बोल की. कान मोकळेच आहेत."

डेलने बूट दारावर आपटून चिखल झाडला. "वरच्या लोकांचा परत फोन आलाय. कुत्र्याबद्दल."

ऑरिन कोमट पाण्याची बादली घेऊन येत होता. "काय केलं कुत्र्याने?"

"भुंकतो."

"आणि?"

"आणि काही नाही. भुंकतो."

"मग सांगतो त्याला, आजपासून गा म्हणून."

"ब्रदर हायमस, कायद्याने तुमचंच बरोबर आहे. मेंढ्या म्हटल्या की कुत्रा आला. माझ्या आजोबांची मेंढरं होती, मला कळत नाही का? मी आपला कानावर घालायला आलोय."

"घातलंस ना? आता ही बादली धर."

डेलने बादली धरली. वर्लाला एक खूर सापडला, मग दुसरा, मग नाक. मेंढीच्या कळेबरोबर तिने ओढलं आणि पिवळ्या चिकट पाण्यातून कोकरू पेंढ्यावर सांडलं. तिने त्याच्या नाकातली घाण बोटाने काढली, पेंढ्याची काडी नाकपुडीत फिरवली. ते शिंकलं. डेलने टोपी काढली.

"खरं सांगू?" तो टोपीशी बोलल्यासारखा म्हणाला. "बाकीच्यांचं सोडा. तुमच्या कुंपणाला लागून पहिलं घर आहे ना, तिथे एक माणूस आजारी आहे. फार. त्यांनी तक्रार केली नाही हां. शेजारणीने केली, त्यांच्या वतीने."

"शेजारणीला स्वतःच्या वतीने झोप लागते ना?" ऑरिन म्हणाला.

 वर्ला मेंढीची सडं पिळून चीक येतोय का पाहत होती. पण तिने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाव भाजले, ताटलीवर फडकं बांधलं आणि चढ चढून गेली. तिच्या चर्चच्या बायकांत दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि काहीतरी कबूल केल्याशिवाय तिथून उठायचं नाही. "आमच्याकडून काय होण्यासारखं आहे?" असं विचारायचं, समोरची बाई "काही नको" म्हणणार, मग आपणच शोधून काढायचं. कुणाच्या दारातलं बर्फ ओढून दिलं जाई, कुणाची पोरं सांभाळली जात. एकदा वर्लाने एका बाईचा पोपट सांभाळला होता, तो पुढे सहा वर्षं जगला.

दार कोरिन ॲशवर्थने उघडलं. साठीची बाई, केस पोरासारखे बारीक कापलेले, पायांत नुसते मोजे. तिचे डोळे पाहून वर्लाला वाटलं, ही बाई उभ्याउभ्या झोपेल.

"कॉफी घ्याल?"

"आमच्या चर्चमध्ये घेत नाहीत."

"मग चहा?"

"तोही नाही."

कोरिनला आणखी काही सुचेना. "पाणी?"

"पाणी चालतं," वर्ला म्हणाली.

कोरिन तीन खोल्यांत तीनदा पाणी विसरली आणि शेवटी वर्लाला सरळ वरच घेऊन गेली. वर तिचा नवरा एव्हरेट होता. पलंग खिडकीला लावलेला, खिडकी सताड उघडी, आणि अंगावर एवढी पांघरुणं की माणूस कुठे संपतो ते कळू नये. त्याने आयुष्यभर शाळेतल्या पोरांना तुताऱ्या आणि ढोल शिकवले होते. आता त्याचा स्वतःचा आवाज फुंकून काढल्यासारखा येत होता.

"खालच्या तुम्ही ना? मेंढ्यांच्या?"

"हो. मी वर्ला."

"बसा. आता सुरू होईल."

उन्हं कलली. घळीतून पहिली हाक आली, मग तिच्यावर दुसरी, मग किंचाळ्या, हसल्यासारखं, रडल्यासारखं, मधेच लहान पोरांचा घोळका सुटल्यासारखं. वर्लाच्या अंगाने सवयीने ताण घेतला. एव्हरेटने पांघरुणातून एक बोट वर काढलं.

"लोक म्हणतात वीस आहेत," तो म्हणाला. "दोनच आहेत. नर नि मादी. गळे बदलतात, लबाड. माझ्या बॅंडात चाळीस पोरं असायची आणि आवाज दोघांचा यायचा. यांचं उलटं आहे."

बोट हवेत हलत होतं, अगदी थोडं, आवाजाच्या किंचित पुढे. वर्लाने जन्मभर हा आवाज ऐकला होता, पण कुठून येतोय आणि किती लांब, याच्यापलीकडे त्यात काही ऐकायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती ऐकू लागली. आणि खालून बिशप सुरू झाला. त्याच्या भुंकण्याखाली सगळं बुजून गेलं. बोट क्षणभर तसंच राहिलं, मग पांघरुणावर टेकलं.

"तोही बरा गातो," एव्हरेट म्हणाला. "फक्त त्याला एकच सूर येतो."

जिन्यातच वर्लाच्या तोंडून निघून गेलं. "रात्रीचं मी त्याला आत ठेवत जाईन."

"अहो, नको," कोरिन म्हणाली. "तुमची मेंढरं आहेत ना."

"काही होत नाही. एवढ्यातेवढ्याने काय होतंय?"

"पण किती दिवस तुम्ही..." कोरिन मधेच थांबली. त्या प्रश्नाचं उत्तर वरच्या खोलीत होतं.

"त्यांना लागतील तितके," वर्ला म्हणाली.

स्वयंपाकघरात ओव्हनच्या उबेला खोक्यात दोन पोरकी कोकरं होती. ऑरिन त्यांना बाटलीने दूध पाजत होता.

"कबूल काय केलंस?"

तिने सांगितलं. त्याने बाटली खाली ठेवली. "बरं. आणि कायोटींनी काय कबूल केलंय?"

"ऑरिन, तू त्या माणसाला पाहिलं नाहीस."

"नाही. मी मेंढ्या पाहतो. किती दिवस?"

"ते कसं सांगणार?"

"म्हणजे तो आहे तोवर."

"ऑरिन!"

"मी मरो म्हणत नाहीये बाई त्याला. विचारतोय फक्त."

कुत्र्याला कोंडायची जागा एकच होती: बटाट्याचं जुनं तळघर. अर्धं जमिनीत, वर मातीचं छप्पर, छपरावर गवत. आत तोफ उडाली तरी बाहेर धप्प एवढंच ऐकू येईल. पण बिशपच्या गळ्यात जन्मात दोरी पडली नव्हती. ऑरिनने दोरी बांधून ओढलं तर तो आडवा झाला आणि चिखलातून पोत्यासारखा घसरत आला, मग दाराशी चारही पाय रोवून बसला. दिवेलागण झाली होती. घळीत हाका सुरू झाल्या होत्या. कुत्र्याने मान कुरणाकडे वळवली.

मग वर्लाने खोक्यातलं एक कोकरू उचललं, काखेत धरलं आणि तळघरात शिरली. कोकरू बें बें करायला लागलं. बिशप उठला आणि मुकाट्याने तिच्यामागे आत आला. तिने कोकरू त्याच्यापुढे ठेवलं, त्याने हुंगलं, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि दाराकडे तोंड करून पहाऱ्याला बसला. तेव्हा तिने कोकरू उचललं, बाहेर आली आणि कडी घातली.

आतून पहिला धक्का बसला तेव्हा ती अजून कडीलाच धरून होती.

सकाळी दाराच्या आतल्या फळ्यांवर ओरखडे होते आणि त्यांत रक्त. बिशपची पुढची दोन नखं मुळातून निघाली होती. तो बाहेर आला, तिच्याकडे न पाहता कळपाकडे लंगडत गेला, आणि दिवसभर झोपला नाही. पण संध्याकाळी तिने पुन्हा कोकरू काखेत घेतलं तर पुन्हा मागोमाग आला. कोकरू तळघरात चाललंय म्हटल्यावर त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं.

पहिल्या काही रात्री काहीच झालं नाही. कायोटींना बहुधा हा सापळा वाटला असावा. मग एका पहाटे पाणथळाच्या कडेला एक कोकरू सापडलं, गळ्याला चार भोकं आणि पोटाखालचं नाहीसं. त्याची आई त्याच्याजवळ उभी राहून खालच्या आवाजात बोलावत होती, व्यायल्यावर पहिल्यांदा बोलावतात तशी.

वर्लाने खिशातल्या चाकूने कोकराचं कातडं सोलून काढलं, पायांना भोकं ठेवून, अंगरख्यासारखं. घरातल्या पोरक्या कोकराला तो अंगरखा चढवला आणि त्याला त्या मेंढीसमोर सोडलं. मेंढीने शेपटीकडे हुंगलं, डोक्याकडे हुंगलं, पुन्हा शेपटीकडे. मग पाय फाकवून उभी राहिली आणि त्याला पिऊ दिलं. मेंढपाळ हे पूर्वापार करत आलेत. आई वासाला फसते. चार दिवसांनी कातडं सडायला लागलं की कापून टाकायचं. तोवर ती खरीच आई झालेली असते.

"बघ," वर्ला म्हणाली. "झालं की नाही?"

"झालं," ऑरिन म्हणाला. "आता पोरकी किती उरलीत आपल्याकडे?"

पुढच्या आठवड्यात कातडी जास्त आणि पोरकी कोकरं कमी, अशी उलटी वेळ आली. आया रिकाम्या फिरू लागल्या. त्यांची सडं तटतटली, सडांना हात लावू देईनात. दिवसभर कुरणात त्यांचं बोलावणं चाले, आणि संध्याकाळी ते थकलं की घळीतून दुसरं सुरू होई.

बंदूक होती. पण कायोटी नेमके दोन घरांच्या मधल्या घळीतून येत, आणि घरांच्या दिशेने गोळी झाडायला बंदी. एका सांजेला ऑरिनने नेम धरला होता. दुर्बिणीच्या काचेत कायोटीचं डोकं होतं आणि त्याच्यामागे आरामखुर्चीतली एक बाई, हातात पेला. ऑरिनने बंदूक खाली केली. कायोटी निघून गेला. बाईने हात हलवून ऑरिनला नमस्कार केला.

डेल येऊन सांगून गेला, "वरचे लोक फार खूश आहेत हां, सिस्टर हायमस. म्हणतात, आता कसं स्पष्ट ऐकू येतं."

"आम्हालाही येतं," ऑरिन म्हणाला.

वर्लाला खरंच येत होतं. कडी घालून परतताना ती रोज थांबे. मधे कुणाचं भुंकणं नाही, काही नाही. दोनच आवाज, आता तिला ओळखू येत; एक जाडसर, एक वर चढणारा. सुंदर होतं ते. तिला त्याचा इतका राग येई की दात दुखत. मग ती वर, कुंपणालगतच्या घराकडे बघे. पडदे ओढलेले असत. त्या घरांत कोण आहे, कोण नाही, हे बाहेरून कधी कळतच नसे. तिथली माणसं घरातूनच गाडीत बसत आणि गाडीतूनच घरात उतरत. पण पडद्यामागे ते बोट वर निघालं असेल, असं ती स्वतःला सांगे.

"जाऊन तरी ये एकदा," ऑरिन म्हणाला. तो कोकराच्या बेंबीला आयोडीन लावत होता. बोटं कायमची तपकिरी झाली होती. "बघून ये कसा आहे."

"नाही जायचं."

"का? पाव संपले?"

"कसा आहे म्हणून विचारायला गेले तर त्याचा अर्थ काय होतो? अजून आहे का, असाच ना?"

 रात्री जेवणाआधी ती डोळे मिटून बसे, आणि एव्हरेटच्या नावाशी आली की तिची प्रार्थना अडे. तो बरा होवो म्हणणं खोटं होतं. तो सुटो म्हणणं तिला स्वतःच्या फायद्याचं वाटे. शेवटी ती नुसतं नाव घेई आणि पुढे बटाट्यांबद्दल आभार मानी.

मग ऑरिन रात्री कुरणात बसायला लागला, पिकअपमध्ये, काच खाली करून, मांडीवर घोंगडी आणि हातात काठी. हॉर्न वाजवता येत नव्हता. वाजवला असता तर कुत्रा काय वाईट होता? तो उतरून कळपाभोवती फेऱ्या मारी, बॅटरी फिरवी, पुन्हा गाडीत येऊन बसे. सत्तरी उलटलेली. छातीत कफ दाटला होता. बिशपचं काम आता तोच करत होता. फक्त त्याला भुंकायची मुभा नव्हती.

"आज राहू दे," वर्ला एका संध्याकाळी म्हणाली. "आज मी बसते."

"तू दिवसभर गोठ्यात असतेस. आणि मेंढी अडली तर मला हात घालता येत नाही, बोटं वळत नाहीत. ज्याचं काम त्याने करावं."

"मग कुत्र्याला सोडते."

तिने ते कसंबसं म्हटलं.  ऑरिनने हो म्हणायला हवं होतं. पुढे त्यानेही ते कबूल केलं. पण त्याची बायको जन्मात कधी दिलेल्या शब्दावरून हटली नव्हती, आणि तिला हटताना बघायची त्याची तयारी नव्हती.

"शब्द दिलायस," तो म्हणाला. "माझी टोपी कुठेय?"

पहाटे ती उठली तेव्हा अंगणात पिकअप नव्हती. बर्फ थांबलं होतं, धुकं होतं. कुरणात पिकअपचे दिवे जळत होते, पण मलूल, बॅटरी संपत आलेली. मेंढ्या पाटाच्या कडेला गोळा होऊन उभ्या होत्या, कुणाभोवती उभ्या राहाव्या तशा. ती चिखलातून धावली. धावणं म्हणजे काय, एक पाय निघायचा आणि दुसरा रुतायचा.

ऑरिन पाटाच्या उतारावर कुशीवर पडला होता. एक पाय वाटेल तसा वळलेला. ओठ निळे. छातीशी, कोटाच्या आत, त्याने एक कोकरू धरलं होतं. ते केव्हाच मेलेलं होतं, पण त्याने ते सोडलं नव्हतं.

"खुबा," तो म्हणाला. "गेला बहुतेक. हलवू नकोस."

"कधी पडलास?"

"चंद्र होता तेव्हा."

"अरे, मग ओरडला का नाहीस? मी आले असते ना! ओरडायचं ना!"

त्याचे दात वाजत होते. त्यातूनच तो म्हणाला, "कशाला? तुझ्या माणसाची झोपमोड झाली असती."

तिने आपला कोट त्याच्यावर टाकला, घरी धावत जाऊन फोन केला आणि परत येताना वाटेत तळघराची कडी काढली. बिशप बाहेर आला. कळपातून वाट काढत गेला, ऑरिनला हुंगलं, कोकराला हुंगलं, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसला. घळीच्या तोंडाशी दोन करड्या आकृत्या उभ्या होत्या, उजाडलं तरी गेल्या नव्हत्या. बिशपने त्यांच्याकडे पाहिलं. वर्ला वाट बघत होती.

"भुंक," ती म्हणाली. "भुंक रे. आता भुंक."

तो बसून राहिला.

खुब्यात खिळे घातले, छातीत पाणी झालं, ते काढलं. मुलगी जनीन आली, तिने स्वयंपाकघरातल्या खोक्याकडे, आईच्या हातांकडे आणि बापाच्या वॉकरकडे पाहिलं आणि एकदाच म्हणाली, "बास झालं आता." कुणीच वाद घातला नाही. मेच्या शेवटी सोडा स्प्रिंग्ज गावचा एक मेंढपाळ आला आणि कळप घेऊन गेला, बिशपसकट. ट्रक भरताना मेंढ्या फळीवर चढेनात. मग बिशप आधी चढला आणि त्या त्याच्यामागून गेल्या. ऑरिन खिडकीतून बघत होता. त्याला दार उघडून बाहेर यायला जितका वेळ लागला, तितक्यात ट्रक वळणावर गेला होता.

थोड्याच दिवसांत तो माणूस बिशपला परत घेऊन आला. भला माणूस होता, टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"खातो चांगला. मेंढ्यांत रमतो. पण रात्री तोंडच उघडत नाही हो. अंधार पडला की गोठ्याच्या दाराशी जाऊन बसतो. कुणीतरी आत घ्यायला येईल, असं. आजारी होता का कधी?"

"नाही," वर्ला म्हणाली.

"मग काय झालं असेल?"

"म्हातारा झालाय," ऑरिन खुर्चीतून म्हणाला.

मेंढ्या गेल्यावर घळीतल्या कायोटींना पोरंबाळं सांभाळून जगायचं होतंच. त्यांनी वरचं एक मांजर नेलं, मग एक मांडीवरचं कुत्रं, तेही अंगणातून, खुर्च्यांच्या मधून. डेल पुन्हा येऊन दारात उभा राहिला. आता तक्रार होती की कायोटी फार ओरडतात, झोप लागत नाही.

"त्यांच्या कानावर घालून पाहिलंस का?" ऑरिनने विचारलं.

डेल हसला नाही. "ते विचारत होते, तुमचा कुत्रा आता मोकळाच असतो ना?"

कुत्रा मोकळाच होता. तो पायरीखाली झोपला होता, रात्रीसुद्धा.

जूनमध्ये कुंपणालगतच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली. वर्ला त्या दिवशी पाटाचं दार उघडून गवताला पाणी सोडत होती, फावडं हातात, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. वरून एक गाडी हळूहळू उतरली आणि तिच्याजवळ थांबली. कोरिन होती. केस थोडे वाढले होते.

"वर्ला ना?" ती काच खाली करून म्हणाली. "निघाले मी. म्हटलं निरोप घ्यावा. तुम्ही पाव आणले होते."

वर्लाने हात बुटावर पुसला आणि पुढे केला. "पाटी पाहिली तेव्हाच कळलं. फार वाईट वाटलं. कधी गेले?"

"मेमध्ये. सुरुवातीलाच."

वर्लाने मान हलवली. पाणी पाटातून तिच्या बुटांभोवती येत होतं. तिला एकच गोष्ट विचारायची होती. ती विचारल्याशिवाय ह्या वर्षाचं काही खरं नव्हतं.

"शेवटी शेवटी ऐकू येत होतं ना त्यांना? नीट?"

"काय?"

"कायोटींचं. मी कुत्र्याला तळघरात ठेवत होते ना रोज. आवाज यायचा नाही बाहेर."

कोरिनने तिच्याकडे पाहिलं. मग गाडी बंद केली.

"रोज?" ती म्हणाली. "अहो, तुम्ही येऊन गेलात ना, त्याच्या दुसऱ्या सकाळीच त्याला धाप लागली. आमचा मुलगा आला होता, तो गाडीत घालून बॉयसीच्या दवाखान्यात घेऊन गेला. मीही तिथेच राहिले. आम्ही इथे नव्हतोच. घर बंद होतं." तिने तोंडावर हात ठेवला. "मी कळवायला हवं होतं तुम्हाला. माझ्या डोक्यातच..."

"छे छे," वर्ला सवयीने म्हणाली. "तुमच्या मागे केवढं होतं. एवढ्यातेवढ्याने काय होतंय?"

तिने फावड्याने पाटातला गाळ बाजूला ओढला. फावड्याच्या दांड्याला टेकून वर्ला म्हणाली, "मग तिथे, दवाखान्यात... तिकडे असतील ना कायोटी? असतात सगळीकडे."

दवाखाना हमरस्त्याला लागून होता, कोरिन म्हणाली, आणि त्याच्या खिडक्या उघडत नाहीत.